बगळ्याची कालची प्रत

"अरे, मी तीच आहे की! कालचीच! काल घेतलंस ना आत? मग आज काय झालं?"

धाग्याच्या रिळांच्या मांडणीपलीकडे धाकटी कुणाशी तरी दातओठ खात, पण हळू आवाजात भांडत होती. मांडणीच्या अलीकडे थोरली टॉवेलांवर आद्याक्षरं भरण्याचं काम मशीनला लावत होती. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, थोरलीच्या डोळ्यांसमोरच दुसऱ्या मशीनला तेल घालत बसला होता, तेव्हा हे भांडण नवऱ्याशी नव्हतं. फोनवर असती तर उत्तरापुरती तरी थांबली असती. धाकटी थांबत नव्हती. टकटक, टकटक, खटकन एक एन्टर, मग एक सुस्कारा आणि पुन्हा, "बघ! परत काढलं बाहेर."

म्हणजे कॉम्प्युटर. थोरलीने टॉवेलाची फ्रेम घट्ट केली, आणि खोटं कशाला बोला, तिला आतून जरा बरं वाटलं.

त्या घरात कॉम्प्युटर हा थोरलीचा प्रांत होता. खाली भरतकामाचं दुकान, वर राहायची जागा. दुकान सुरू केलं सासूबाईंनी, हातातल्या लाकडी रिंगवर. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तिने हट्टाने पहिलं मशीन आणवलं आणि मागोमाग हा कॉम्प्युटर. तो मुळातच म्हातारा होता. दिराच्या एका मित्राने त्याच्यातलं विंडोज काढून लिनक्स घालून दिलं, "आता हा आणखी दहा वर्षं मरत नाही" असा आशीर्वाद दिला, आणि स्वतः दूर कुठे नोकरीला लागून फोन उचलेनासा झाला. मग पडद्यावर काही बिघडलं की थोरलीच त्याच्यापुढे बसायची. जगात कुठेकुठे बसलेल्या अनोळखी लोकांनी एकमेकांना दिलेली उत्तरं वाचायची, चुकायची, एकदा तर बिलांसकट सगळं पुसून बसली होती आणि रडली होती. पण शिकली. दोघींची दोन वेगळी खाती तिनेच काढली. धाकटीला थोरलीच्या खात्यात शिरता येत नसे, ही त्या मशीनची रीतच. थोरलीला मात्र शिरता यायचं, कारण सगळ्या खोल्या उघडणारा पासवर्ड तिच्याकडे होता. सासूबाई तिला त्यावरून 'किल्लीवाली' म्हणायच्या. कधी कौतुकाने, कधी नाही.

"ताई," धाकटी मांडणीच्या टोकाशी येऊन उभी राहिली. केसांत पेन्सिल खोचलेली, चेहरा उतरलेला. "जरा बघता का? पासवर्ड घालते, पडदा काळा होतो, आणि पुन्हा पासवर्डच विचारतो. दहादा झालं."

"कॅप्स लॉक बघितलंस?"

"बघितलं."

"कीबोर्ड दुसऱ्या भाषेत गेला असेल. कोपऱ्यात बघ."

"तेही बघितलं, ताई."

"बघितलं, बघितलं. मग मला कशाला बोलावतेस?" असं म्हणत थोरली उठलीसुद्धा.

तिला उठायला आवडलं. हल्ली तिला असं कुणी बोलवायचं नाही.

आधी बोलवायचे. धाकटी या घरात आली तेव्हा तिला सुईत धागा ओवण्यापासून सगळं थोरलीने शिकवलं. चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं, त्याचे टाके करायचे, सुई कुठून शिरेल, कुठे वळेल, कुठला रंग आधी, ते ठरवायचं, आणि ती फाइल मशीनला द्यायची. मशीन फक्त सांगितलेलं करतं. थोरलीचं काम चोख. तिचं पान म्हणजे पान: सगळे टाके एका दिशेला, दाट, कुठे धागा लोंबत नाही, इस्त्री केल्यासारखं. धाकटी वर्षभर तसंच करत राहिली. मग एक दिवस तिने एका उशीच्या अभ्र्यावर एक पान भरलं, त्यात शिरेच्या अलीकडचे टाके एका बाजूला कलते आणि पलीकडचे दुसऱ्या बाजूला. रंग एकच. पण अभ्रा हलवला की पानावरून उजेड सरकायचा. गिऱ्हाइकाने तो हातात धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. नंतर तीच बाई बहिणीला घेऊन आली.

घरात त्यावर सगळे जपूनच बोलले. थोरलीचा नवरा माल पोचवायला बाहेरच असायचा, तो म्हणाला, "दोघींची पद्धत वेगळी आहे." दीर म्हणाला, "वेगळं आहे ना दोघींचं, बरंच आहे." सासूबाई तर कुणी विचारलं नसतानाही म्हणायच्या, "हातहात वेगळा." त्या 'वेगळं'वर घर वर्षभर सुखाने चाललं होतं. थोरलीच्या कानात मात्र तो शब्द दर वेळी बारीक खड्यासारखा जाऊन बसायचा.

आणि मग बोट क्लब. नदीवर होड्या वल्हवणाऱ्यांचा तो क्लब थोरलीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दर हंगामात जाकिटं यायची आणि त्यांच्या खिशावर दोन वल्ही एकमेकांवर आडवी, खाली तीन लाटा. ते चिन्ह थोरलीने काढलेलं. क्लबची चिटणीस बाई दुकानातसुद्धा गळ्यात शिट्टी घालून यायची, म्हणून तिचं नाव शिट्टीबाई. यंदा ती आली, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवली आणि म्हणाली, "ताई, यंदा जरा बदल करू या म्हणतात सगळे. पाठीवर मोठा बगळा. धाकट्या ताई करतील का हो?"

विचारलं थोरलीलाच. प्रेमाने विचारलं.

"करेल की. न करायला काय झालं," थोरली म्हणाली, आणि आत जाऊन घड्या घातलेल्या टॉवेलांच्या पुन्हा घड्या घालत बसली.

तो बगळा आज संध्याकाळी नमुन्याला द्यायचा होता, आणि तो होता धाकटीच्या खात्यात, त्या न उघडणाऱ्या दाराआड.

थोरली खुर्चीत बसली. धाकटी मागे उभी राहिली, दीर तेलकट हात पुसत तिच्या शेजारी. खिडकीशी सासूबाई चरखीवर बॉबिन भरत होत्या. त्यांना दूरचं दिसत नाही असं सगळे धरून चालायचे.

"घाल पासवर्ड. माझ्यासमोर."

धाकटीने वाकून घातला. पडदा काळा झाला, क्षणभर एक बाण चमकला, आणि पुन्हा तीच निळी भिंत, तीच रिकामी चौकट.

"पासवर्ड बरोबर आहे तुझा," थोरली म्हणाली. "चुकला असता तर लाल अक्षरात तसं सांगितलं असतं. हा तुला ओळखतो. आतही घेतो. आत गेल्यावर काहीतरी बिनसतं आणि बाहेर सोडून देतो."

"म्हणजे पाहुण्याला या म्हणायचं आणि चप्पल काढायच्या आत निरोप द्यायचा," दीर म्हणाला.

"तुम्ही सुया तपासा, भाऊजी."

तिने कंट्रोल आणि अल्ट दाबून धरले आणि वरच्या रांगेतली एफ-थ्री दाबली. निळी भिंत नाहीशी झाली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, ना चित्र ना बाण. हे मागचं दार. समोरून कुणालाच आत जाता येत नसलं तरी इथून जाता येतं. थोरलीने आपलं नाव घातलं, पासवर्ड घातला. आत. मागे धाकटीने श्वास सोडला, आणि त्या श्वासाने थोरलीची मान जरा ताठ झाली.

मग तिने डिस्कवर जागा किती उरली ते विचारलं.

उत्तर लगेच आलं. घरच्या फाइली असतात त्या भागापुढे आकडा होता शंभर टक्के. उरलेली जागा, शून्य.

"भरली?" धाकटी पुढे वाकली. "डिस्क भरली म्हणून आत घेत नाही?"

"आत गेल्या गेल्या त्याला एकदोन बारीक फाइली लिहाव्या लागतात. लिहायला जागा नाही, मग परत फिरतो."

"पण मागच्याच महिन्यात अर्धी रिकामी होती ना, ताई? तुम्हीच म्हणालात."

थोरलीने आकड्यावरून नजर काढून कीबोर्डकडे नेली. कोणता फोल्डर सगळ्यात मोठा, ते विचारायची तिला गरजच नव्हती.

"तुम्ही दोघं जाकीट फ्रेममध्ये ताणून ठेवा," ती म्हणाली. "मला इथे वेळ लागेल. डोक्यावर उभं राहिलं की मला सुचत नाही."

दोघं गेली. चरखीचा घरघर आवाज तेवढा राहिला.

तो फोल्डर तिच्याच खात्यात होता. त्याला तिने 'बॅकअप' असं नाव दिलं होतं. फार घरंदाज शब्द. त्याच्यावर कुणी बोट ठेवत नाही.

शिट्टीबाई बगळा सांगून गेली, त्याच आठवड्यात थोरलीने एक ओळ लिहिली होती. रोज दुपारी, सगळे वर जेवायला गेले की कॉम्प्युटरने आपणहून धाकटीचा सगळा फोल्डर उचलायचा आणि त्या दिवसाची तारीख घालून थोरलीच्या 'बॅकअप'मध्ये ठेवायचा. रोज, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळाच्या सगळा. नुसतं बदललेलं तेवढंच उचलता येतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं, पण ती ओळ लांबलचक होती आणि तिला घाई होती. धाकटीला सवय होती मशीन चालू असताना त्याचे व्हिडिओ घ्यायची, अगदी सुईजवळ फोन धरून. कुठला भाग आधी भरला जातो, कापड कुठे चुरगळतं, ते ती नंतर बघायची. एकेक व्हिडिओ भलामोठा. त्यांच्या रोज नव्या प्रती होत गेल्या.

आणि थोरली ते बघायची. धाकटी दुपारी जरा आडवी व्हायला वर गेली की आवाज बंद करून बघायची. बगळ्याच्या पंखात पहिला थर विरळ होता, आडवा. त्यावर दुसरा तिरका. आणि पिसाच्या टोकाशी टाके मुद्दाम लांडे सोडलेले, म्हणजे कड धारदार न होता फुलून यायची. मानेच्या बाकात धागा असा फिरवलेला की कुठे वळला ते सापडू नये. थोरलीने थांबवून थांबवून, मागेपुढे करून बघितलं होतं. एकदा चिंधीवर स्वतः करूनही बघितलं. तिचा बगळा दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलासारखा दिसला. ती चिंधी तिने कचऱ्यातही टाकली नाही, कुणी काढून बघेल म्हणून. कापून कापून बॉबिनच्या डब्याखाली घातली.

आता ते सगळं पुसायचं, एवढंच होतं. एका ओळीचं काम. तिने ओळ लिहिलीही. मग थांबली, ओळीत जरा बदल केला आणि कालची प्रत सोडून बाकीच्या सगळ्या पुसल्या. शेवटची प्रत ठेवावी, तशी पद्धत आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की कालचा व्हिडिओ तिचा बघायचा राहिला होता.

"झालं का गं, किल्लीवाले?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं.

"होतंय, आई."

"काय होतं?"

"कचरा साठला होता."

"हं," सासूबाई म्हणाल्या, आणि चरखीला नवं बॉबिन लावलं.

थोरलीने हाक मारली. धाकटीने येऊन पासवर्ड घातला. पडदा काळा झाला, आणि मग तिचं ओळखीचं हिरवं चित्र आलं, डाव्या बाजूला फोल्डरांची रांग. दिराने टाळी वाजवली. "किल्लीवालीचा विजय असो!" धाकटीने मागून थोरलीच्या खांद्यांना धरलं आणि हलवलं. "ताई, तुम्ही नसता तर मी आज नदीतच उडी मारली असती." थोरलीला ते हात जड वाटले. तरी तिने झटकले नाहीत.

मग धाकटीने बगळा उघडला.

पांढरी चौकट. रेघ नाही, टाका नाही.

तिने बंद करून पुन्हा उघडला. पांढरी चौकट.

"कुठे गेला?" दीर म्हणाला.

धाकटीने फाइलवर बाण नेला. आकार, शून्य.

"काल संध्याकाळी सेव्ह करताना काहीतरी चौकट आली होती," ती हळूहळू म्हणाली. "दिवे बंद करायची घाई होती. मी ओके दाबलं. काय लिहिलंय ते वाचलंच नाही."

काय झालं असणार ते थोरलीला दिसलं. सेव्ह करताना प्रोग्रामने आधी जुनी फाइल रिकामी केली आणि मग नवं लिहायला गेला. लिहायला जागाच नव्हती. जागा कुणी खाल्ली होती, तेही तिला दिसलं.

"दुसरी प्रत?" दिराने विचारलं. "पेनड्राइव्हवर?"

"सगळं झालं की एकदम टाकणार होते." धाकटीचा आवाज सपाट झाला होता. "त्याच फाइलवर सेव्ह करत जाते मी. ताईंनी किती वेळा सांगितलंय, वेगळ्या नावाने ठेव म्हणून."

हे खरं होतं. थोरलीने सांगितलं होतं. आणि आता ते खरं असल्याचा काडीचाही आनंद होत नव्हता.

फोन वाजला. शिट्टीबाई. दिराने स्पीकर लावला, कारण त्याचे हात तेलाचे होते, आणि सांगून टाकलं: कॉम्प्युटरचा घोटाळा झाला, बगळा गेला.

"अरे देवा. पुन्हा करायला किती लागेल?"

धाकटीने मान हलवली. "आठवडा. कमीत कमी."

"नाही हो जमायचं. आज कमिटीपुढे ठेवायचंय, उद्या होड्या निघाल्या की मग कुणी भेटत नाही." पलीकडे पाणी आपटल्याचा आवाज येत होता. "मग असं करा ना. जुनंच टाका. ताईंची वल्ही. ती काय वाईट आहेत? ताई आहेत का तिथे? ताई, होईल ना?"

सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं.

खूप दिवसांनी तिच्याकडे असं बघितलं गेलं होतं. आता होईल ना, तुमच्यावरच आहे आता, असं.

"होईल," ती म्हणाली.

"सुटले बाई! येतेच मी संध्याकाळी."

मग थोरलीने आपल्या खात्यातून वल्ही काढली, पेनड्राइव्हवर घेतली, मशीनला लावली. सगळं झरझर झालं, वर्षानुवर्षांचं काम. धाकटीने पाठीसाठी ताणलेलं जाकीट मोठ्या फ्रेममधून सोडवलं, खिसा छोट्या फ्रेममध्ये घेतला, अस्तर लावलं, कड सरळ केली. डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं एकदा ओढलं.

"ताई, लाटांना निळा कुठला? गडद की मधला?"

तिने खरोखर विचारलं होतं. टोमणा असता तर थोरलीला सोपं गेलं असतं.

"मधला," थोरली म्हणाली. "थांब, मी देते."

ती मांडणीपाशी गेली. निळ्या रिळांच्या खालच्या फळीवर धाकटीने बगळ्यासाठी रिळं काढून ठेवली होती, एका ताटलीत, क्रमाने. सगळी पांढरी. थोरलीच्या हिशोबात पांढरा म्हणजे पांढरा. आता ती बघत राहिली. एक दुधासारखा, एक जरा राखेकडे झुकणारा, एक थंड, निळसर, एक जुन्या कागदासारखा. यातला कुठला कुठे जाणार, हे तिला पाठ होतं. राखेरी पोटाखाली. निळसर पंखाच्या सावलीत. जुन्या कागदासारखा फक्त मानेला, आणि तोही एकाच बाजूने, जिकडून ऊन येतं असं धाकटीने धरलं होतं तिकडून.

दिराने तो बगळा येता-जाता बघितला होता. सासूबाईंनी "छान आहे" म्हटलं होतं. शिट्टीबाईने अजून बघितलाच नव्हता. एकेक टाका करून, थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुढे आणून बघितलेली माणसं जगात दोनच. एक धाकटी. आणि एक ही.

थोरली निळं रीळ न घेताच परत आली.

"सोड ती फ्रेम," ती म्हणाली.

"का? तिरकं बसलं?"

"सोड म्हणते ना. इकडे ये."

तिने कॉम्प्युटरवर आपलं खातं उघडलं. धाकटी मागे येऊन उभी राहिली, तिच्या मागे दीर. थोरलीने 'बॅकअप'वर दोनदा टिचकी मारली. आत एकच तारीख. त्या तारखेच्या आत धाकटीचं सगळं जग, तिनेच दिलेल्या नावांनी: उशा, पानं_नवी, व्हिडिओ, बगळा.

थोरलीने बगळा उघडला.

तो आला. पाठभर पांढरा, मान बाकदार, चोच खाली. एक पाय होता. दुसरा नव्हता, आणि पाणीही नव्हतं.

"कालच्या दुपारचा आहे," थोरली म्हणाली. "दुपारनंतर तू जे केलंस ते यात नाही."

"पाय आणि पाणी," धाकटी पुटपुटली. "फक्त पाय आणि पाणी. ताई! ते होईल. ते तर लगेच होईल."

"पायाची काय गरज आहे?" दीर म्हणाला. "बगळा एका पायावरच उभा राहतो."

धाकटी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, आणि तिने ते बाहीने पुसले. थोरली खुर्चीतून उठली. धाकटी बसली, केसांतली पेन्सिल काढून दातांत धरली, आणि फाइल आधी वेगळ्या नावाने सेव्ह केली. मग आणखी एका वेगळ्या नावाने.

मशीनवर वल्ह्यांची फाइल लागलेली होती, ती थोरलीने स्वतः काढली.

शिट्टीबाई आली तेव्हा सुई मानेपर्यंत पोचली होती. ती दारातच थांबली. मशीनजवळ जाऊन कमरेत वाकली, मग गुडघ्यांवर बसली, शिट्टी जमिनीला लागली. जाकीट फ्रेममधून सुटल्यावर तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि खिडकीशी तिरकं केलं. बगळ्याच्या पंखावरून उजेड सरकला.

"पण गेला म्हणालात ना फोनवर?"

"गेलाच होता," दीर उत्साहाने म्हणाला. "वहिनींकडे बॅकअप होता म्हणून वाचलो."

"वा! याला म्हणतात व्यवस्था," शिट्टीबाई म्हणाली, आणि जाकीट उराशी धरून गेली.

दार बंद झालं. 'बॅकअप' हा शब्द दुकानात मागे राहिला, आणि सगळ्यांनी तो आनंदाने उचलला. दीर म्हणाला, बॅकअप पाहिजेच माणसाकडे. सासूबाई म्हणाल्या, हो बाई, बॅकअप बरा. कुणीतरी चहा ठेवायचा विषय काढला. थोरली टॉवेलांकडे वळली होती, आणि वळलेलीच राहिली असती तर तो दिवस तसाच संपला असता.

धाकटी अजून कॉम्प्युटरपुढेच होती. थोरलीचं खातं उघडंच होतं.

"ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. काहीतरी जुळवत असल्यासारखा होता. "यात फक्त माझंच आहे."

"हं."

"तुमची वल्ही नाहीत. बिलं नाहीत. फक्त माझा फोल्डर."

दिराने चहाचे कप उचलले आणि परत ठेवले.

"आणि डिस्क कशाने भरली होती?"

चरखी थांबली. सासूबाईंनी बॉबिन हातात धरलं होतं, आणि त्या सरळ थोरलीकडे बघत होत्या, चष्म्यावरून, अगदी नीट दिसत असल्यासारख्या.

"अगं, असू दे ना आता," दीर घाईघाईने म्हणाला. "झालं ना काम? वहिनी काळजी घेतात, तू चित्रात रमतेस. दोघींची पद्धतच वेगळी—"

"वेगळी नाही, भाऊजी," थोरली म्हणाली. तिच्या हातात टॉवेल होता. घडी घातलेला, कडेला कड लावलेला. तिने तो मशीनवर ठेवला आणि धाकटीकडे वळली. "याच प्रतींनी भरली डिस्क. रोज घेत होते. बॅकअप म्हणून नाही, बघायला घेत होते. तुझी पानं, तुझा बगळा. करूनही बघितला. नाही जमला." ती एकदा थांबली, कुणी मध्ये बोलतंय का ते बघितल्यासारखी. "हे सगळे वर्षभर वेगळं वेगळं म्हणतायत. वेगळं नाही ते. तुझं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे."